तुला न विचारता

तू गेल्यानंतरच्या पहिल्या बाजारात आई गेली नाही. दुसऱ्या बाजारात गेली. टोपली मी उचलून दिली, तराजू तिनं स्वतः घेतला. पोंभुर्ण्याच्या आठवडी बाजारात मासेवाल्या बायांची रांग बसते, त्यात कडुनिंबाखालची दुसरी जागा आपली. तिथं तिनं पोतं अंथरलं आणि नेहमीसारखी डावीकडं सरकून बसली. उजवीकडं तुझ्यापुरती जागा राहिली. दुपारपर्यंत तिघींनी विचारलं, "आज पोट्टा नाई आला का वं?" पहिलीला आई काही बोललीच नाही. दुसरीला म्हणाली, नाही आला. तिसरीला शेजारच्या शांताबाईनं सांगितलं. त्या बाईनं निवडलेले झिंगे टोपलीत परत ठेवले, पुन्हा उचलले, पैसे दिले आणि खाली मान घालून गेली.

मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात वाक्यं तयार होत होती. आई पदरानं हात पुसत होती आणि मी मनातल्या मनात लिहीत होते, 'उजवीकडं तुझ्यापुरती जागा राहिली'. तू असतास तर माझ्या तोंडाकडं पाहूनच ओळखलं असतंस. झालं का सुरू, असं म्हणाला असतास.

तुझं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यात मोठेपणा काही नाही. मागच्या वेळीही लिहिलं नव्हतं, तरी सगळ्या मुलखानं तुला ओळखलं होतं.

आपण दोघं पत्रकांवर वाढलो. मामा चंद्रपुरात छापखान्यात कामाला. शाई सांडलेली, वाकडी कापलेली, तारीख चुकलेली पत्रकं तो गठ्ठे बांधून घरी आणायचा. पाठ कोरी असायची, म्हणून तीच आपली वही. पाठीवर पाढे लिहायचे आणि पुढं छापलेलं वाचायचं. किमान मजुरी, जंगलावरचा हक्क, दारू हटवा, स्त्री-पुरुष समान. त्यातूनही उरलेल्या कागदांत आई झिंगे बांधून द्यायची. मी ती पत्रकं पाठ करून अंगणात उभी राहून म्हणायचे. तू मात्र त्यातल्या घोषणा थेट बाजारात नेल्यास. नऊ वर्षांचा असशील. आईच्या बाजूला उकिडवा बसून ओरडायचास, "कोन म्हंते घेनार नाई, घेतल्याबिगर जानार नाई!" तहसीलवरचा मोर्चा संपवून परतणारे कार्यकर्ते एकदा ते ऐकून थबकले, हसले, आणि त्यातल्या एकानं अर्धा किलो रोहू घेतला. घोषणा दिल्याबरोबर काही पदरात पडलं, असं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलंय.

तुला सांगायला नको, पण हे वाचणारे दुसरेही आहेत. आपण ढिवर, आपल्या तलावावर माणसं मासे मारतात आणि बाया विकतात. "जाळं मानसाचं, तराजू बाईचा," असं म्हातारे म्हणतात. पुढं हेही म्हणतात की माणूस तराजूवर बसला तर मासा रुसतो आणि दुसऱ्या दिवशी जाळं रिकामं येतं. लहान पोरगा आईजवळ बसला तर चालतं. मिसरूड फुटली की त्यानं उठायचं, बापाच्या डोंग्यातून पाण्यात जायचं. तुला मिसरूड फुटली आणि तू उठला नाहीस.

उठला असतास तर बाजाराचंच नुकसान होतं. घासाघीस करणाऱ्या मास्तरीणबाईंना तू म्हणायचास, भाव कमी करतो, पण मग मुंडकं माझ्याकडं राहील, आणि चव तर सगळी मुंडक्यातच असते. मरळ हातात धरून एखाद्या मावशीला म्हणायचास, हिच्या डोळ्यात पाहा, सकाळपासून तुमचीच वाट पाहून राहिली आहे. बाया हसायच्या आणि घ्यायच्या. आईला असं बोलणं कधी जमलं नाही. ती नुसती वजन करायची. तू बसायला लागल्यापासून आपली टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची, आणि मग तू शांताबाईची उरलेली टोपली विकायला घ्यायचास. तू गेल्याचं कळलं त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही, हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते.

माझं उलटं होतं. मला बाजाराचा कंटाळा आणि पाण्याची ओढ. मी हट्टानं बाबांच्या डोंग्यात चढले, बांबूनं डोंगा रेटायला शिकले, जाळं फेकायला शिकले. बाबा चारचौघांत अभिमानानं सांगायचे की ही पोट्टी पोट्ट्याच्या वरताण आहे. माझी छाती फुगायची. पुढं मी इतकं वाचलं, इतकं बोलले, पण त्या कौतुकात काय दडलंय ते कळायला मला फार उशीर लागला. पोरगी पोरासारखी झाली तर तिला बढती मिळते. पोरगा पोरीसारखा झाला तर त्याला खाली ढकलतात. एकाच घरात, एकाच ताटात जेवून मला बढती मिळत होती, आणि ती घेताना मी कधी विचारलं नाही की खालची जागा कुणासाठी रिकामी ठेवली आहे.

तान्हा पोळा आठवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघरी जातात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर नाणं ठेवतात. सुतारकाकांनी बैल तुझ्यासाठी केला होता. तू दोरी माझ्या हातात दिलीस आणि बोजाऱ्याची पिशवी स्वतः धरलीस. मी पुढं, तू मागं. प्रत्येक दारात मला म्हणायचे, वा रे वाघीण. आणि तुला विचारायचे, "नवरीमागं करवली निघाली का रे?" मी प्रत्येक दारात हसले. मी नऊ वर्षांची होते, तू सहा. तू पिशवी उघडून पुढं करायचास आणि म्हणायचास, करवलीला दुप्पट द्यावं लागतं. आणि द्यायचे लोक. तुझ्या तोंडाला नाही म्हणणं कुणालाच जमत नसे.

शाळेतही तसंच. तू पाचवीत असताना स्नेहसंमेलनात कोळीनाच बसवला होता. समुद्र आपल्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता, खुद्द सरांनीही नाही. ते मोबाईलवर पाहून शिकवायचे. पोरांच्या हातात पुठ्ठ्याचं वल्हं, पोरींच्या डोक्यावर टोपली. तू टोपली मागितलीस. सर म्हणाले, टोपली पोरींची असते. तू म्हणालास, "पन सर, या पोरीईले टोपली धरताच येत नाई. चुंबळ कुठी हाय?" मग टॉवेल पिळून तू त्यांना चुंबळ वळून दिलीस, ती डोक्यावर कुठं ठेवायची, मान कशी धरायची, भरली टोपली घेऊन चढावर पाऊल कसं पडतं, ते चालून दाखवलंस. आठच्या आठ पोरी आईसारख्या चालायला लागल्या. नाचाला तालुक्यात बक्षीस मिळालं. फोटोत तू मागच्या ओळीत आहेस, वल्हं घेऊन.

आणि मंडईचं नाटक. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आपली जत्रा. त्या वर्षी गावात आलेल्या नाटकात एक नोकर होता, कमरेवर हात ठेवून चालणारा, बायकी बोलणारा. तो नुसता आला तरी पेंडॉल हसायचा. त्याच्या थोबाडीत बसली की जास्त हसायचा. दुसऱ्या दिवसापासून पोट्टे तुला त्या पात्राच्या नावानं हाक मारू लागले. नाटक लिहिणाऱ्यानं तुला कधी पाहिलं नव्हतं. त्यानं फक्त एक साचा तयार केला, आणि गावानं त्यात बसेल असा माणूस शोधून काढला. मी नंतर कितीतरी भाषणांत हे नाटक सांगितलं. टाळ्या मिळाल्या. एक गोष्ट मात्र भाषणात कधी आली नाही. त्या पेंडॉलात मी तुझ्या शेजारी बसले होते आणि मीही हसत होते.

आता डोंग्याची गोष्ट. ती एकदा मी सांगून बसले आहे आणि ती परत घेता येत नाही, म्हणून पुन्हा सांगते.

तू सतरा वर्षांचा होतास. मी चंद्रपूरच्या कॉलेजातून सुट्टीत आले होते. दुपारी आपण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळी वाळत घालत होतो आणि तू बोलायला लागलास, ते फक्त माझ्याशी बोलायचास तसं, हात चालू ठेवून, माझ्याकडं न पाहता. तू बारा वर्षांचा असताना बाबांनी तुला पहिल्यांदा डोंग्यातून मधोमध नेलं होतं. जाळं तुझ्या हातात दिलं आणि उभं राहायला सांगितलं. खाली पाणी काळं होतं. तू उभा राहिलास, आणि भीतीनं तुझी चड्डी ओली झाली.  बाबांनी वाकून ओंजळीनं तलावाचं पाणी डोंग्यात उडवलं, तुझ्यावर, स्वतःवर, सगळीकडं, म्हणजे काठावर उभ्या असलेल्यांना काही कळू नये. घरी येऊनही काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी तुला डोंग्यात नेलं नाही आणि तू बाजारात बसत राहिलास. पाच वर्षं ती गोष्ट तुम्हा दोघांत होती. मग तू ती मला दिलीस.

दोन महिन्यांनी कॉलेजातल्या आमच्या गटानं मुलांना कसं वाढवलं जातं यावर पत्रक काढायचं ठरवलं. लिहायला मी बसले आणि एका बैठकीत लिहून उठले. मासेमाराचा मुलगा पाण्याला भितो, त्यानं डोंग्यात कपडे ओले केले, आज तो बाजारात तराजू धरतो, आणि यात लाज त्याची नाही, त्याला मर्द बनवू पाहणाऱ्यांची आहे. मी ते गटात वाचून दाखवलं. एक मैत्रीण रडली. लेखणीची ताकद म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. मामानं जुळणी करताना चष्मा वर करून विचारलं, "पोट्ट्याले दाखवलं का?" मी म्हणाले, त्याच्यासाठीच तर आहे. मामानं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग त्यानं छापलं.

आणि मी ते तुझ्याच बाजारात वाटलं. मला वाटलं तुला अभिमान वाटेल. तू मासा कापत होतास, हात ओले होते, म्हणून मी कागद तुझ्या डोळ्यांसमोर धरला. तू वाचलास. पूर्ण वाचलास. मग हातातला मासा साफ केलास, तोललास, गिऱ्हाइकाला दिलास. शांताबाईच्या हातातही तोच कागद होता, ती अक्षर लावून लावून वाचत होती. त्या दिवशी तू एकदाही ओरडला नाहीस.

घरी आल्यावर आपलं ते भांडण झालं. आजही त्यातला शब्द न् शब्द माझ्या कानात आहे.

"तुनं मले इचारलं होतं का?"

मी म्हणाले, तुझं नाव कुठंच नाही.

"बाजारात तराजू धरनारा पोट्टा दुसरा कोन हाय, दाखव मले."

मी म्हणाले, हे तुझ्या एकट्याबद्दल नाहीच, अशी हजारो मुलं आहेत, त्यांच्यासाठी आहे.

"मंग त्या हजाराईतल्या एकाचं टाकाचं होतं."

मी चिडले. मी म्हणाले, यात लाजण्यासारखं काही नाही हेच तर मी लिहिलंय. तुला लाज वाटत असेल तर तूही त्यांच्याच बाजूचा आहेस. हे मी तुला म्हणाले. आयुष्यभर जी बाजू तुला रोज चावत आली, तिच्यात मी तुला नेऊन बसवलं. तू कागदाची घडी केलीस, उंबऱ्यावर ठेवलीस आणि म्हणालास,

"लाज नाई वाटत, ताई. ते माहं होतं."

यावर मी भाषण केलं. तू ऐकून घेतलंस आणि आईला भाकरी टाकायला मदत करायला गेलास.

मी तुझ्याशी अजून भांडते आहे. त्या पत्रकातलं एक वाक्य मी आजही मागं घेणार नाही. पोरगा रडला तर त्याला बाई म्हणणं हे पोराला मारणं आहे आणि बाईला शिवी देणं आहे. शाळेचा नाच, मंडईचं नाटक, मोबाईलमधले विनोद, खेळण्यांच्या दुकानात पोरीसाठी भांडीकुंडी आणि पोरासाठी बंदूक, हे सगळं मिळून एक कारखाना चालतो आणि त्यातून माझ्या भावासारखी माणसं टाकाऊ म्हणून बाहेर फेकली जातात. हे खरं आहे. मी ते ओरडून सांगत राहीन. पण खरं बोलायला मी जे दार उघडलं ते तुझ्या घराचं होतं, आणि किल्ली तू मला विश्वासानं सांभाळायला दिली होतीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण किती माहीत होतं ते मला माहीत नाही. एका पोट्ट्यानं बाजारात तुझा व्हिडिओ काढला, तुझ्या अंगावर साडी चढवली, मागं ढोलकीचं हसरं संगीत टाकलं आणि वर लिहिलं, 'पान्याले भेनारा ढिवर'. कोरपन्याच्या मावशीकडं तो पोचला. ऊर्जानगरहून येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एका मैत्रिणीला तिच्याच भावानं दाखवला आणि ती मला म्हणाली, बघ ना किती मजेशीर आहे. बाजारात गिऱ्हाईक यायचं ते मासे पाहायला नाही, तुला पाहायला. तू घोषणा देणं सोडलंस. बोलणंच सोडलंस. आईसारखा नुसतं वजन करायला लागलास.

त्यात उन्हाळा आला, तलाव खाली गेला आणि चार दिवस जाळी रिकामी निघाली. दर उन्हाळ्यात निघतात. पण या वेळी मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत एकजण म्हणाला की मासा रुसला आहे, आणि का रुसला ते सगळ्यांना माहीत आहे. आधी ती म्हाताऱ्यांची गंमत होती. तिच्या हाती पुरावा द्यायचं काम माझ्या कागदानं केलं. बाबा बैठकीत काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवताना ताटाकडं पाहत म्हणाले, "काही दिवस बाहेर काम पाह्य." तू मान हलवलीस. मी तेव्हा घरी नव्हते. मला हे आईनं फोनवर सांगितलं, आणि मी बाबांच्या पितृसत्तेबद्दल तिला अर्धा तास ऐकवलं.

तू अहेरीच्या पलीकडं, जंगलात पुलाच्या कामावर गेलास. सव्वा वर्ष. आठवड्यातून एकदा फोन. आईशी बोलायचास, मग मी घरी असले तर मला द्यायला सांगायचास, कारण तसं न करणं तुझ्या स्वभावात नव्हतं. जेवलो. बरा आहे. पाऊस आहे. तू कशी आहेस. मी विचारायचे, तिथं कोण कोण आहे, कसे राहता, जंगल कसं आहे. तू म्हणायचास, "जंगलासारखं." आधी तुझ्या एका दिवसाची गोष्ट ऐकायला मला दोन तास पुरायचे नाहीत. आता तू शब्द असे मोजून द्यायचास, जणू प्रत्येक शब्द उद्या छापून येणार आहे. मला कळत होतं. मला वाटत होतं, वेळ आहे.

तेरवीला विलास आला. पुलाच्या कामावर तुझ्या बाजूला झोपायचा तो. हे त्याचं खरं नाव नाही. गर्दी सरल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला आणि सांगायला लागला. पहिल्या दिवशी ताप आला तेव्हा तू शेडमध्ये पडून राहिलास. बाकीचे हसले. विलास म्हणाला, मीच सगळ्यात आधी म्हणालो होतो, ताई. "पोरगी हायस का बे, एवढ्याशा तापानं पडून राह्यला." दुसऱ्या दिवशी तू उठलास आणि कामावर गेलास. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तुझे हात थरथरत होते तेव्हा विलासनं म्हटलं, घरी फोन करू. तू नको म्हणालास.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हने, माय-बापाले काहाले त्रास. अन् ताईले तं सांगूच नको. ते लिहून टाकते."

विलासला वाटलं तो माझं कौतुक सांगतो आहे. तू हसतच म्हणाला होतास म्हणे. पाचव्या दिवशी तू उठला नाहीस. दवाखान्यात नेईपर्यंत मलेरिया डोक्यात गेला होता.

मला विलासचं मानगूट धरावंसं वाटलं. त्याच्यावर, त्या शेडवर, पोरगी हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या प्रत्येक तोंडावर माझं अख्खं पत्रक तयार होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या घोषणेपर्यंत. पण ते मी कुठल्या तोंडानं बोलणार होते? त्यानं तुला उठून कामावर जायला लावलं असेल. गप्प राहायला मी शिकवलं. तो सारखं रुमालानं नाक पुसत होता. सर्दी झाली म्हणाला. मी म्हणाले, रडा हो, इथं कुणी हसणार नाही. तो म्हणाला, नाही, खरंच सर्दी आहे.

हे लिहिण्याआधी मी विचारत फिरले. मला विचारायची सवय नाही, जीभ अडखळते. विलास फोनवर म्हणाला, "लिहा, पन नाव बदलवा." मी बदललं. शांताबाई म्हणाली, माझं नाव टाक, मी कुणाला भीत नाही. आईनं आधी विचारलं, लिहिल्यानं तो येतो का? दोन दिवसांनी चुलीपाशी आपणहून म्हणाली, लिही, पण या वेळी लोकांना हसू देऊ नकोस.

बाबा पाळीवर जाळं शिवत होते. त्यांना विचारायला मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी म्हणाले, डोंग्याची गोष्ट पुन्हा लिहू का? ते म्हणाले, ती तर तू केव्हाच सांगून टाकलीस. सुई चालत राहिली. जाळ्यातून मान वर न करता ते बोलले.

"मी बी भेत होतो. लहान होतो तवा. माह्या बापानं फेकूनच देल्लं होतं मले पान्यात." मग म्हणाले, "हे लिहाचं तं लिही. त्याले सांगाले पायजे होतं मी."

बघ, तुझ्या बापाला हे आयुष्यात पहिल्यांदा सांगता आलं, आणि ऐकायला मी होते.

तुझा आवाज आपल्याकडं कुठं नाही. फोनवरचं बोलणं कुणी ठेवलं नाही. आहे तो फक्त त्या व्हिडिओत. तो कुणी काढला ते मला माहीत आहे, काढून टाक म्हणून मी त्याला धमकावलं होतं. मागच्या आठवड्यात त्यालाच निरोप पाठवला, राहू दे. कारण आई मला रोज म्हणते, लाव. मी लावते. ती डोळे मिटून घेते, म्हणजे तुझ्या अंगावरची ती खोटी साडी दिसत नाही. ढोलकीच्या मागून तुझा आवाज येतो, चौदा सेकंद, मावशी ताजा आहे, मावशी डोळे पाहा. संपला की ती म्हणते, अजून एकदा. ज्यांनी तुझी टिंगल केली त्यांच्याकडंच तुझा आवाज शिल्लक आहे. माझ्या पत्रकात तू कुठंच बोलत नाहीस. आत्ता गठ्ठ्यातून काढून पाहिलं. दोन्ही बाजू भरून मजकूर आहे आणि तुझ्या तोंडचं एक वाक्य नाही.

विचारायचं एकच माणूस उरलं होतं.

पाळीवर त्या दुपारी तू मला आणखी एक गोष्ट सांगितली होतीस. डोंग्याच्या नंतर, जाळी वाळत घालून झाल्यावर. ती भीतीची नव्हती. तुला पुढं काय करायचं होतं, कसं जगायचं होतं, त्याबद्दल होती. मी तीही पत्रकात लिहिली होती. मजकूर पानात मावेना तेव्हा चार ओळी कमी करायच्या होत्या, आणि मी नेमक्या त्या कापल्या. तुझा विचार करून नाही. जागा नव्हती म्हणून. तुला हे कधी कळलं नाही.

आता जागेची अडचण नाही. ती गोष्ट सांगितली तर वाचणाऱ्यांना तू कळशील, आणि ज्यांनी तो व्हिडिओ पुढं पाठवला त्यांच्या घशात घास अडकेल. या लेखाला ती हवी आहे. मला त्या गोष्टीसाठीचं वाक्यही सुचलेलं आहे आणि ते फार चांगलं आहे.

काल संध्याकाळी मी पाळीवर गेले आणि तुला मोठ्यानं विचारलं. नाव घेऊन विचारलं. पाण्यावर बाबांचा डोंगा होता, पलीकडं कुणीतरी बैल धूत होतं. मी बराच वेळ थांबले. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे मी स्वतः किती पत्रकांवर ठळक अक्षरांत छापून घेतलं आहे, बाजारात उभी राहून किती लोकांच्या हातात ठेवलं आहे.

अंधार पडायला लागला तेव्हा मी घरी आले आणि हे लिहायला बसले. ती गोष्ट यात नाही.